मिश्री खात नाहीत, मिश्री लावतात

आमच्या गावाला गुरुवारी बाजार भरतो आणि त्या दिवशी क्लिनिकमध्ये बसायला जागा नसते, कारण आसपासच्या वाड्यांवरच्या बायका भाजी विकून झाली की पिशवी घेऊन सरळ माझ्याकडे येतात आणि त्यांना परतीची एसटी गाठायची असते. परवाच्या गुरुवारी अशाच एक मावशी आल्या. पंचावन्नच्या आसपास वय, डावीकडची खालची दाढ हलत होती. "काढूनच टाका ओ म्याडम, लय ठणकतीया." मी नेहमीचे प्रश्न सुरू केले, बीपी आहे का, शुगर आहे का, कुठली गोळी चालू आहे का, तंबाखू खाता का. सगळ्याला नाही. तंबाखूला तर जरा रागानेच नाही, मी काय तंबाखू खाणारी दिसते का असा चेहरा केला त्यांनी. पण बोलताना त्यांनी गालाला हात लावला होता आणि त्या हाताच्या पहिल्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. नखाच्या कडेने काळं, पेरावरच्या बारीक रेषांमध्ये काळं, साबणाने न निघणारं. मग मी परत विचारलं, "मावशी, मिश्री लावता का?"

"ती व्हय," मावशी एकदम मोकळ्या झाल्या, "ती लावते की. दात घासायला लागतीच ना."

"दिवसातनं कितीदा?"

"सकाळी उठल्या उठल्या. मग भाकरी झाल्या की. रानातनं आल्यावर एकदा. दुपारी चहाच्या आधी. आन् झोपताना तर लागतीच, नायतर डोळ्याला डोळा लागत न्हाय."

पाच वेळा. दात कोणी पाच वेळा घासत नाही.

मी हे लिहितेय कारण इथे क्लिनिक टाकून मला चौदा वर्षं झाली आणि पहिली पाच-सहा वर्षं मी हा प्रश्न चुकीचा विचारत होते. कॉलेजात केस पेपरवर जो रकाना होता त्यात तंबाखू चघळणे, विडी, सिगारेट, दारू असं असायचं आणि आम्ही "तंबाखू खाता का" असंच विचारायला शिकलो. बायका खरं तेच सांगायच्या, नाही. कारण तंबाखू खायची असते आणि मिश्री लावायची असते, भाषेतच ते वेगळं आहे. तंबाखू हे व्यसन, ते नवऱ्याचं, सासऱ्याचं, चावडीवरच्या लोकांचं. मिश्री म्हणजे दात घासणं. मुंबईकडे, कोकणात मशेरी म्हणतात, वस्तू एकच. तुम्ही नुसतं व्यसन आहे का विचारलंत तर अख्ख्या वाडीत एकही बाई हो म्हणणार नाही.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दुसरं काही नाही. माझी आजी घरी करायची. तिचा एक जुना तवा होता, त्यावर भाकरी कधी टाकली जायची नाही, तो परसात चुलीमागे उपडा घातलेला असायचा. तंबाखूची पानं मोडून त्यावर टाकायची आणि मंद जाळावर काळी होईपर्यंत उलथन्याने हलवत बसायची. तो धूर असा काही घशाला लागायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो आणि आजी पदर नाकाला लावून एकटी आत बसलेली, डोळ्यातनं पाणी. पार कोळसा झाला की हाताने चुरायचं, वस्त्रगाळ करायचं आणि काचेच्या बाटलीत भरून ठेवायचं. भाजल्यावर तंबाखूचा दोष जातो असं तिला खरंच वाटायचं. जात नाही. निकोटिन त्यात राहतंच, आणि भाजताना पान जळून काजळीतली जी कॅन्सर करणारी द्रव्यं असतात, बेंझोपायरीन वगैरे, ती त्यात अजून भर घालतात.

मी नऊ वर्षांची असताना माझी दुधाची दाढ किडली होती. रात्री रडून रडून जीव गेला, डॉक्टर तालुक्याला, गाडी सकाळी. आजीने बाटली काढली, चिमूटभर मिश्री बोटावर घेतली आणि हिरडीला चोळली. तोंड बधिर झालं, दुखणं खरंच कमी झालं, आणि पाचेक मिनिटांनी घर गरगर फिरायला लागलं आणि मी आजीच्या मांडीवर ओकले. आजी म्हणाली, काही नाही गं, सवय नाही ना तुला. तिने प्रेमानेच केलं होतं सगळं, तिच्या आईने तिला तेच केलं असणार. पुढे डेंटल कॉलेजात निकोटिन शिकताना मला ती रात्र आठवली. सवय नाही ना तुला, ह्या वाक्यात सगळंच आलं.

आणि आता मी प्रत्येक बाईला विचारते की पहिल्यांदा कधी लावली, तर उत्तरं ठरलेली आहेत. दाढ दुखत होती म्हणून. पहिल्या बाळंतपणात मळमळायचं म्हणून. सासूने दिली. ऊसतोडीला जातात त्या सांगतात की पहाटे अंधारात उठून थंडीत फडात जायचं तर त्याशिवाय अंग हलत नाही. दातांचा डॉक्टर लांब, मिश्री चुलीजवळ. म्हणजे दुखऱ्या दातावर इलाज मिळाला नाही म्हणून व्यसन लागतं आणि त्या व्यसनाने बाकीचे दात जातात, हे असं गोल गोल फिरत राहतं, आणि ह्यात आमच्या पेशाचाही वाटा आहे असं मला वाटतं, कारण दाढ दुखली त्या रात्री आम्ही तिथे नव्हतो.

दातांचं काय होतं ते सांगते. जिथे बोट रोज घासलं जातं तिथली हिरडी खाली सरकते, दाताची मुळं उघडी पडतात, मग गार लागतं, गरम लागतं, आणि गार-गरम लागलं की परत मिश्री, कारण त्याने बधिर होतं. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे हिरडी आतून सडत असली तरी रक्त फारसं येत नाही. साध्या माणसाला ब्रश करताना रक्त दिसलं की तो घाबरून येतो, हिला ती खूणच मिळत नाही. एक्स-रे काढला की कळतं, हाड अर्ध्यावर गेलेलं असतं. दात काढला तर जखम भरायला वेळ लागतो, त्यात परत संध्याकाळी सवयीने बोट जातंच.

आणि मग तो पांढरा चट्टा. खालच्या ओठाच्या आत, हिरडी आणि गालाच्या मधल्या खोबणीत, जिथे भुकटी साठून राहते तिथे कातडी पांढरट, सुरकुतलेली होते. गॉझने पुसून निघत नाही, दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. ल्युकोप्लेकिया म्हणतात त्याला. सगळेच चट्टे काही कॅन्सरकडे जात नाहीत, खूप जणींचे मिश्री सोडली की फिकट होतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण कुठला जाईल हे नुसतं बघून मला सांगता येत नाही, म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो, आणि लालसर भाग मिसळलेला असेल तर मी एक आठवडाही थांबत नाही.

एका बाईबद्दल लिहायचंच आहे. नऊ वर्षांपूर्वी आल्या होत्या, दाढ हलत होती, मी विचारलं तंबाखू खाता का, नाही म्हणाल्या, मी पेपरवर नाही लिहिलं आणि दाढ काढली. पंधरा दिवसांनी आल्या, जखम भरली नव्हती. मी साफ केलं, औषध दिलं, भरेल म्हटलं. त्यानंतर त्या आल्याच नाहीत, लेकीकडे गेल्या होत्या. सात-आठ महिन्यांनी कळलं की मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, खालचा अर्धा जबडा काढला. दाढ काढल्यावर जखम भरत नाही हे कॅन्सरचं लक्षण असू शकतं हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलं होतं मी. पण पेपरवर तंबाखू नाही असं माझ्याच हाताने लिहिलेलं होतं आणि मी त्या ओळीवर विश्वास ठेवला. त्या आहेत अजून, मऊ भात आणि दूध यावर. एकदा एसटी स्टँडवर भेटल्या, पदर गालावरून घेतला होता, मला ओळखलं त्यांनी, हसल्या. मिश्री लावायच्या का असं मी लेकीला नंतर विचारलं. लेक म्हणाली, हो, कळत्या वयापासून.

तेव्हापासून माझ्या पेपरवर पाच वेगवेगळे प्रश्न आहेत: मिश्री लावता का, तपकीर ओढता किंवा लावता का, तंबाखू-चुना, मावा किंवा गुटखा, नुसती सुपारी. प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायचं, आणि रागावून नाही, चहा घेता का विचारतो त्या आवाजात.

आकडे बघितले तरी हेच दिसतं. २०१६-१७ च्या देशभरातल्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती, पण धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. बिनधुराची तंबाखू २४.४ टक्के, बायकांमध्ये १६.६ टक्के, म्हणजे सहा बायकांमागे एक. आणि व्यसनमुक्तीचं चित्र काढायला सांगा शाळेत, मुलं सिगारेटच काढतात. आपल्याकडची तंबाखू दिसत नाही, तिचा धूर होत नाही, ती ओठाच्या आत असते. ती फक्त तोंड उघडल्यावर दिसते, आणि लोकांचं तोंड रोज उघडून बघणारे आम्हीच आहोत.

हे काही आज कळलेलं नाही. १९६० च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये घरोघरी गेले होते, १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली त्यांनी. एक लाखाच्या वर! आत्ता माझ्याकडे गाडी आहे, टॉर्च आहे, मोबाईल आहे आणि वर्षाला मी त्याच्या एका कोपऱ्याएवढी तोंडं बघते, तेव्हा त्या लोकांनी ते कसं केलं असेल याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. मळमळ थांबावी म्हणून लावलेली चिमूटभर मिश्री पोटातल्या बाळापर्यंत जाते. हे मी आमच्या आशाताईंना सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, म्याडम, मी स्वतःच लावत होते की धाकट्याच्या वेळेला. आशाताई तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. मी त्यांना एवढंच म्हटलं की प्रश्न वाचून दाखवलात की मिश्रीचं नाव तोंडाने घ्या.

कायद्याचं म्हणाल तर टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. चांगलाच कायदा आहे, पण आजीच्या तव्यावर तो कुठून पोचणार. गुटख्याला महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये बंदी आली, दरवर्षी तो आदेश परत काढला जातो, आणि टपरीवर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी मिळते, पोरं दोन्ही हातावर एक करतात.

त्या पोरांचं दुखणं वेगळं असतं. पिकअप चालवणारा एक बावीस वर्षांचा मुलगा आला होता, तक्रार काय तर जेवण झोंबतं, साधं वरणसुद्धा, आणि पाणीपुरी तोंडात जात नाही. हसत सांगत होता, मित्र चिडवतात म्हणे. मी म्हटलं तुझी तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. दोन गेली, तिसरं अडकलं. गालाच्या आत बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे ताठ लागले. ह्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि हे तंबाखूने नाही तर सुपारीने होतं, सुपारीतल्या अरेकोलिन नावाच्या द्रव्याने गालाच्या आतल्या थरात तंतू साठत जातात आणि मऊ गाल चामड्यासारखा होतो. म्हणून "आमचा पोरगा नुसती सुपारी खातो, तंबाखूला हात लावत नाही" असं सांगणाऱ्या आयांना मला फार समजवावं लागतं, सुपारी स्वतःच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ च्या अहवालात तसं नोंदवलंय. विदर्भात खर्रा, आमच्याकडे मावा, दोन्हीत सुपारीच भरपूर. गेलेलं तोंड पूर्ण परत येत नाही. इंजेक्शनं देतो, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक लावून दातांमध्ये धरायचा व्यायाम देतो, दोन-चार मिलिमीटर मिळतात, आणि सुपारी सुटली तर पुढे बिघडायचं थांबतं. पण त्या मुलाची अक्कलदाढ किडलेली होती आणि माझं कुठलंच हत्यार तिथपर्यंत आत जात नव्हतं. दुखतंय, दिसतंय आणि पोचता येत नाही.

शहरातलं अजून एक. गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्यात शिकणारी दोघं मुलं सुट्टीत घरी आलेली असताना माझ्याकडे आली, विशीतली, पण दात घासून सपाट झालेले, जबडा दुखतो, तोंड कोरडं. एमडी. म्हणजे मेफेड्रोन, २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे पण मिळतंय. ते घेतल्यावर जबडा आवळला जातो, लाळ आटते, तहान लागते म्हणून गोड कोल्ड्रिंक, आणि दात भराभर जातात. आमच्यासाठी धोका वेगळाच, कारण बधिर करायच्या इंजेक्शनात ॲड्रेनलिन असतं आणि आधीच्या चोवीस तासांत असं काही घेतलेलं असलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून मी आईला बाहेर बसवते, दार लावते आणि सरळ विचारते, सांगते की पोलिसांना नाही, घरी नाही, मला इंजेक्शन कुठलं द्यायचं हे ठरवायचंय म्हणून विचारतेय. एकाने सांगितलं. मी त्या दिवशी इंजेक्शन दिलं नाही, गोळ्या देऊन दोन दिवसांनी बोलावलं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. तो आला दोन दिवसांनी. तिकडे गेला की नाही माहीत नाही.

परत मिश्रीवर येते. सोडायला सांगताना "सोडा नाहीतर कॅन्सर होईल" म्हणून काही होत नाही, बाई हो म्हणते आणि पुढच्या वेळी माझ्याकडे न येता दुसऱ्याकडे जाते. मी आधी विचारते, उठल्यावर किती वेळाने पहिली लागते. उठल्या उठल्या लागत असेल तर निकोटिनची ओढ जास्त. मग झोपतानाची आणि उठल्याची राहू द्यायची, मधल्या आधी बंद करायच्या. बोट तोंडात जाण्याची सवय असते ना, ती लगेच जात नाही, तर बोटाने साधी पांढरी दातांची पावडर लावा म्हणते, ओवा-बडीशेप चघळा म्हणते, लवंग धरा. आणि आधीच सांगून ठेवते की पहिल्या आठवड्यात डोकं चढेल, चिडचिड होईल, सकाळी पोट साफ होणार नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, मिश्री लावल्याशिवाय परसाकडला होत नाही म्हणून कितीतरी जणी परत सुरू करतात आणि कोणाला सांगायची लाज वाटते, मग मी कोमट पाणी आणि इसबगोल लिहून देते. निकोटिनचा च्युइंगम मिळतो पण ज्यांच्या दाढा हलतायत किंवा नाहीतच त्यांनी तो चावायचा कसा, त्यांना पॅच बरा पडतो पण तो महाग. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तंबाखूच्या पुड्यांवर छापलेलाच असतो नंबर, पण मिश्री घरी भाजणाऱ्या बाईकडे पुडी असते कुठे, म्हणून मी चिठ्ठीच्या मागे मोठ्या आकड्यात लिहून देते. डेंटल कॉलेजांमध्ये तंबाखू सोडवणारी केंद्रं सुरू करायच्या सूचना २०१८ मध्ये आल्या, चांगलं झालं, पण आमच्या इथनं कॉलेज दोन एसटी बदलून आहे आणि बाईची एक दिवसाची मजुरी जाते, तेव्हा जे काय होईल ते माझ्याच खुर्चीवर.

परवाच्या मावशींची दाढ मी काढली. खालच्या ओठात चट्टा होता, नखाएवढा, त्यांना आरशात दाखवला. गॉझने पुसून दाखवला, निघत नाही बघा. बराच वेळ ओठ ओढून बघत बसल्या, म्हणाल्या, हे माझ्या तोंडात कवापासनं हाय? मी म्हटलं मला नाही सांगता यायचं, पण आज दिसलंय तर आज फोटो काढून ठेवूया. मोबाईलवर काढला, तारीख टाकली. तुकडा काढायचं जखम भरल्यावर बघू, तोवर जखमेच्या बाजूला बोट न्यायचं नाही असं ठरलं, आणि पाचाच्या दोनवर यायचं. दुपारची आणि रानातनं आल्यावरची सोडते, भाकरीनंतरची पण बघते म्हणाल्या, झोपतानाचं वचन देत नाही.

आज आल्या. जखम भरतीये, कडा गुलाबी आहेत. तीनवर आल्या आहेत, दोन नाही, डोकं फार चढलं म्हणाल्या. आणि एकट्या नव्हत्या आल्या, जावेला घेऊन आल्या होत्या. जाऊबाईंना मी विचारलं काय दुखतंय, तर त्यांच्या आधी मावशीच म्हणाल्या, "तिचं काय दुखत न्हाय ओ. लावती ती पण. तेवढं ओठाच्या आतनं बघा."